नकाशावरचं मधलं गाव

लॉस एंजेलिसहून आलेली बस लास वेगासच्या स्टँडवर थांबली, तेव्हा माझ्या शेजारच्या आजीबाईंनी आपला प्लास्टिकचा भला मोठा पेला माझ्या हातात दिला. "जरा धर, मी काठी घेते," त्या म्हणाल्या. पेला नाण्यांनी भरलेला होता. आजीबाईंच्या उजव्या हातात पांढरा हातमोजा होता. जुगाराच्या मशीनमध्ये दिवसभर नाणी सारून बोटं काळी होतात म्हणून, हे त्यांनी वाटेत मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. मी तो पेला पोटाशी धरून पायऱ्या उतरले आणि समोर एक उंच, किडकिडीत मुलगा उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस. त्याने माझी टिकली पाहिली, मग पेला पाहिला, आणि त्याचा चेहराच उतरला.

"वैजयंती नान्नजकर?"

"हो."

"मी प्रफुल्ल कोठाळे." मग घसा साफ करून, "तुम्ही... खेळता वाटतं?"

मला पाहायला आलेल्या मुलाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. इतर मुलींना स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, असं काहीतरी विचारतात. तेवढ्यात आजीबाई उतरल्या, त्यांनी पेला घेतला, हातमोज्याच्या हाताने माझा गाल थोपटला आणि काठी टेकत निघून गेल्या. प्रफुल्लने एवढा मोठा सुटकेचा श्वास सोडला की मला तिथेच हसू फुटलं.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम लास वेगासला ठेवण्याची कल्पना तात्यांची. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, जिवाभावाचे मित्र आणि प्रफुल्लचे सख्खे मामा. बार्शीत अण्णांचं सायकलचं दुकान होतं आणि तात्या तिथल्याच शाळेत भूगोल शिकवायचे. शाळा सुटली की तात्या दुकानात येऊन बसत, ते दिवेलागणीलाच उठत. मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पाण्याच्या अभियांत्रिकीत एम.एस. करायला अमेरिकेला गेले, तेव्हा अण्णांनी एकच अट घातली होती. पदवी हातात पडायच्या आत लग्न ठरलं पाहिजे, नाहीतर मिळेल त्या विमानाने बार्शी. माझ्या मनात पुढे पीएच.डी. करायचं होतं, पण ते मी त्यांच्यासमोर उच्चारलंही नव्हतं.

शहाण्णव सालची गोष्ट. तात्यांचा भाचा यूटामध्ये खाणकामाच्या अभ्यासात पीएच.डी. करत होता. मग काय, दुकानाच्या फळीवर शाळेचा ॲटलास उघडला गेला आणि तात्यांनी पट्टी ठेवली. मुलगी इथे, मुलगा इथे. बार्शीची मुलगी आणि पुण्याचा मुलगा टेंभुर्णीला भेटतात, तसं मधलं गाव शोधायचं. पट्टीच्या साधारण मधोमध एक टिंब आलं.

"वैजू, जागा ठरली बघ," तात्या फोनवर म्हणाले. "लास वेगास. टिंब बारीक आहे, म्हणजे गाव लहान, शांत असणार. आणि आपली शकू तिथेच असते की! माझी विद्यार्थिनी. कुठल्याशा हॉटेलात कामाला आहे. तिच्या घरी कार्यक्रम करू. वडीलधारं कुणीतरी असलेलं बरं."

मी हसू दाबून हो म्हटलं. बार्शीत तेव्हा त्या गावाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं आणि ते शांत गाव कसलं आहे हे सांगून आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची मला हौस नव्हती.

शकूमावशी आम्हाला न्यायला आल्या त्या काळी पँट, पांढरा शर्ट आणि गळ्याला काळा बो अशा अवतारात. मी चकित होऊन बघत राहिले.

"बघतीस काय? दुपारी ड्युटी आहे माझी," त्या गाडी चालवत म्हणाल्या. "आता सांगूनच टाकते, म्हणजे नंतर घोळ नको. मी कॅसिनोत पत्ते वाटते. बार्शीला ठाऊक न्हाई. आई अजून समजते, लेक हॉटेलात हिशोब बघते. तात्यागुरुजींच्या कानावर गेलं तर ते जीव देतील. आणि एक ऐका, तुम्ही दोघं माझ्या टेबलाच्या आसपास जरी दिसलात तरी तंगडं तोडून हातात देईन. पाहुणे आहात, पाहुण्यासारखं ऱ्हावा."

"नाही मावशी, मी त्यातला नाही," प्रफुल्ल घाईघाईने म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात की."

मावशींच्या घरी पोहे झाले, चहा झाला. मी साडी नेसून ट्रे आणला आणि पायाला कार्पेटची कड लागून अडखळले. मावशी बो नीट करत सोफ्यावर बसल्या आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजात म्हणाल्या, "मुलाला काय विचारायचं असेल तर विचारून घ्या." मावशींचे यजमान, काका, रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेले, त्यामुळे सगळा कार्यक्रम कुजबुजतच पार पडला. पोह्यांच्या बशा आवरल्या की मावशी दोन्ही हात एकमेकांवर झटकून तळवे वर करून दाखवायच्या. टेबलावरून उठताना हातात काही लपवलेलं नाही हे दाखवायची त्यांची कामावरची सवय ती, घरातही सुटत नव्हती.

मग आम्हाला बोलायला गॅलरीत पाठवलं. समोर वाळवंट, त्याच्यापलीकडे तपकिरी डोंगर. प्रफुल्ल कठडा धरून उभा राहिला आणि त्याने एकदम सांगून टाकलं.

"तुम्हाला राग येईल, पण मला आत्ता लग्न करायचं नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं अजून ठरत नाहीये. मुलगा अमेरिकेत म्हणून घरचे माझ्याच मागे लागलेत आणि ताई स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकते. तिचं ठरेपर्यंत मी बोहल्यावर चढणार नाही. तुम्ही नकार कळवा. माझ्यात काय वाटेल तो दोष काढा."

मला राग आला नाही. मला नाचावंसं वाटलं. मी माझी गोष्ट सांगितली, अण्णांची अट, पीएच.डी. वगैरे. "तुम्हाला नकार दिला की अण्णा दुसरा मुलगा उभा करतील," मी म्हटलं. "त्यापेक्षा आपण हो पण म्हणू नये आणि नाही पण म्हणू नये."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून एकदा भेटायचंय, म्हणून कळवायचं."

त्याने कठडा सोडून माझ्याकडे तोंड केलं. मग म्हणाला, "आणि मग?"

"मग परत एकदा."

अशा रीतीने आमच्या लास वेगासच्या फेऱ्या सुरू झाल्या. महिना-दोन महिन्यांनी मी दक्षिणेकडून आणि तो उत्तरेकडून बसने यायचो, मावशींच्या घरी सामान टाकायचो आणि संध्याकाळच्या बसने आपापल्या वाटेने परत. बार्शीत आनंदाला उधाण आलं होतं. मुलं एवढ्या लांबून भेटायला जातात म्हणजे चांगलाच विचार करून निर्णय घेतायत, असं तात्यांनी अण्णांना पटवलं होतं. दर फेरीनंतर अण्णा विचारत, "काय ठरलं?" आणि मी गंभीर आवाजात म्हणे, "स्वभाव समजून घेतेय."

त्या गावाला लोक रात्रीसाठी जातात. आम्ही ते दिवसाउजेडी पाहिलं. सकाळी दिवे विझलेले, पाट्यांच्या नळ्या पांढुरक्या पडलेल्या, माणसं मोठाल्या मशीनने गालिचे झाडतायत, जत्रा उठल्यावर मैदान दिसतं तसं सगळं. एका हॉटेलासमोर खोटा ज्वालामुखी होता, तो अंधार पडल्यावर आग ओकायचा. दिवसा ते नुसतं पाण्याचं डबकं आणि त्यात पोहणारी बदकं. त्याच्यासमोरच्या बाकावर बसून आम्ही संत्री सोलून खायचो. दुपारी एखाद्या हॉटेलातलं स्वस्तातलं जेवण, पाहिजे तेवढं वाढून घ्यायचं. मी भात आणि दही शोधत फिरायचे, आणि प्रफुल्ल एकेक पदार्थ वास घेऊन "यात मांस नाही ना?" असं तीनतीनदा विचारायचा, इतकं की तिथली वाढणारी बाई आम्हाला पाहिलं की लांबूनच मान हलवायची. जेवणाच्या जागेपर्यंत जायला मशीनच्या रांगांमधून जावं लागे. प्रफुल्ल तिथून हात खिशात घालून, मान खाली घालून जायचा. एकदा मी म्हटलं, "एक नाणं टाकून बघूया का?" तर तो असा दचकला जणू मी त्याला नदीत ढकलत होते. "मावशी तंगडं तोडतील," तो म्हणाला. मावशींना तो खरोखरच घाबरायचा.

एका फेरीत आम्ही जवळचं मोठं धरण पाहायला गेलो. माझा विषय. मी सांगायला लागले, पाणी कसं अडवलं, कुणाच्या वाट्याला किती येतं, त्यावरून राज्याराज्यांत कसे वाद झाले. भान आलं तेव्हा परतीची बस निघून गेली होती आणि तो तरीही प्रश्न विचारत होता. पुढच्या फेरीला तो उतरला तोच म्हणाला, "मधल्या दिवसांत ग्रंथालयातून त्या धरणावरचं पुस्तक आणून वाचलं. तुम्ही गाळाबद्दल म्हणालात ते नीट कळलं नाही मला. गाळ साचत गेला की शेवटी काय होतं?"

लग्नाच्या बाजारात माझी उंची विचारून झाली होती, चष्म्याचा नंबर विचारून झाला होता. गाळाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर दिलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला कळून चुकलं की मी या माणसाच्या प्रेमात पडले आहे, आणि आमच्यात जे ठरलंय त्यात या गोष्टीला जागाच नाही.

हळूहळू आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. शकूमावशींनी ते पहिल्याच वाक्याला टिपलं. "बरं चाललंय की," त्या एवढंच म्हणाल्या आणि तळवे झटकले.

एम.एस. संपत आलं. माझ्या प्राध्यापकांनी मला बोलावून पीएच.डी.साठी ठेवून घ्यायची तयारी दाखवली. मी आनंदाच्या भरात पहिला फोन प्रफुल्लला केला. "मिळालं रे मला! आता घरी काय सांगायचं तेवढं बघायला हवं," असं काहीतरी बडबडले. तो म्हणाला, "मी बघतो. तू काळजी करू नकोस." मी त्या वाक्याकडे लक्षच दिलं नाही. मी ठरवलं होतं, पुढच्या फेरीत त्याला स्पष्ट विचारायचं. मला लग्न करायचंय, तुझ्याशी, तुझ्या ताईचं ठरेपर्यंत थांबायचीही तयारी आहे. पिशवीत पहिल्या दिवशीची साडी घातली. बसमध्ये वाक्यं पाठ करत होते.

तो ज्वालामुखीसमोरच्या बाकावर बसला होता. दाढी वाढलेली. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "ताईचं ठरलं. गेल्या आठवड्यात. सोलापूरचे आहेत, चांगले आहेत."

"अरे वा!" मला वाटलं, माझं काम सोपं झालं.

"आणि तुझंही काम झालंय. काल रात्री मामांना फोन केला. तुझ्याकडून नकार येईल, तुला कुणी बोल लावणार नाही, आणि तुझे अण्णा आता वर्षभर तरी लग्नाचं नाव काढणार नाहीत. निवांत शिक."

"म्हणजे काय केलंस तू?"

तो बदकांकडे बघत बोलत होता. "एवढ्या भेटी झाल्यावर मी नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलीतच काहीतरी खोट असेल. तुझं नाव खराब झालं असतं. नकार तुमच्या बाजूने यायला हवा. आणि तुझ्या अण्णांनी नकार द्यायचा तर कारण तसंच तगडं हवं ना? म्हणून मामांना सांगितलं, मला जुगाराचं व्यसन लागलंय. भेटीच्या नावाखाली मी इथे खेळायलाच येत होतो. मग मामांना या गावाची खरी माहिती पण दिली."

मला आधी हसू आलं. ज्या माणसाने आयुष्यात मशीनला बोट लावलं नव्हतं, त्याने स्वतःला जुगारी ठरवून टाकलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की बार्शीत आत्ता काय चाललं असेल.

"प्रफुल्ल, मी आज तुला होकार द्यायला आले होते," मी म्हटलं.

पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "खरा होकार," मी म्हटलं. "आपल्या नाटकातला नाही." आणि मी रडायला लागले. समोरून नाण्यांचे पेले घेतलेली माणसं चालली होती. त्यांना वाटलं असेल, पोरीचे सगळे पैसे गेले.

"मला वाटलं, तुला मोकळं व्हायचंय," तो शेवटी म्हणाला. "तू फोनवर एवढी खूश होतीस. मी तर त्या धरणापासूनच..."

रस्त्यापलीकडे एक छोटं पांढरं चॅपल होतं, तिथे अर्ध्या तासात लग्न लागायचं. आम्ही दोघांनीही एकाच वेळी तिकडे पाहिलं. "नाही," मी म्हटलं. "अण्णांशिवाय नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "चल, मावशींकडे. आत्ताच्या आत्ता फोन करू."

बार्शीत तेव्हा रात्रीची जेवणं आटपली होती. फोन अण्णांनीच उचलला, आणि मागे तात्यांचा आवाज येत होता, म्हणजे तात्या घरी गेलेच नव्हते.

"अण्णा, ते सगळं खोटं आहे. तो जुगार खेळत नाही. माझ्यासाठी खोटं बोलला तो, मला पीएच.डी. करता यावी म्हणून." मी एका दमात सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून.

अण्णा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वैजू, बाळ, आमच्या दुकानातला किसन दारू प्यायचा तेव्हा त्याची बायको पण असंच सांगायची. पीत नाहीत हो ते, मुद्दाम सांगतात."

"अण्णा, मी शप्पथ घेऊन सांगते!"

"तू घेशीलच गं. त्यानेच घ्यायला लावली असणार."

शकूमावशी ड्युटीला जायच्या तयारीत, बो लावून उभ्या होत्या. त्यांनी माझी ही अवस्था पाहिली आणि फोन हिसकावून घेतला. मी हाताने 'नको नको' करत होते, पण त्या पण पेटल्या होत्या.

"अण्णा, मी शकू बोलते. पोरगा सोन्यासारखा आहे. मी छातीठोक सांगते, कारण मी स्वतः कॅसिनोत पत्ते वाटते. हो, मीच! इतकी वर्षं वाटते. जुगारी माणूस मी दारातून आत येताना ओळखते. हा माझ्या टेबलाकडे फिरकला सुद्धा न्हाई कधी."

मग अण्णांचा आवाज इतका मोठा आला की मला लांबून ऐकू आला, "म्हणजे पोरगं जुगाराच्या अड्ड्यावरच उतरत होतं म्हणा की! आणि अड्डा चालवणारीच त्याची साक्ष देतेय!" त्यामागून तात्यांचा, "शकू? आपली शकू पत्ते वाटते?" आणि काहीतरी आपटल्याचा आवाज.

मावशींनी फोन माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरले होते. इतकी वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी आमच्यासाठी उघडी केली होती आणि तिचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. उलट प्रफुल्लवरचा शिक्का पक्का झाला होता.

"अण्णा," मी म्हटलं. आता मला कळलं होतं की याला उपाय नाही. बार्शीत बसलेल्या माणसाला मी काहीही पुरावा दिला तरी तो प्रफुल्लच्याच विरोधात जाणार.

"बोल."

"मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

"जुगारी असला तरी?"

प्रफुल्ल समोर सोफ्याच्या कडेला बसला होता, हात गुडघ्यांवर, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"हो," मी म्हटलं. "जुगारी असला तरी."

तात्यांनी काहीतरी विचारलं, अण्णांनी त्यांना 'थांब' म्हटलं. मग माझ्याशी बोलले, पण आवाज वेगळाच होता.

"मग आधी तू ती पीएच.डी. कर. पूर्ण. स्वतःच्या पायावर उभी राहा, स्वतःची नोकरी, स्वतःचा पगार. अशा माणसाच्या भरवशावर मी तुला सोडणार नाही. तोवर तो सुटतोय का बघू. सुटला तर मी स्वतः उभा राहून लग्न लावीन."

फोन ठेवला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, पीएच.डी. आणि प्रफुल्ल, दोन्ही. "काय म्हणाले?" प्रफुल्लने विचारलं. मी म्हटलं, "तुला जुगार सोडायला मुदत दिलीय." शकूमावशी इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून काका उठून बाहेर आले.

माझी पीएच.डी. झाली, आणि अण्णांनी शब्दाप्रमाणे बार्शीत आमचं लग्न लावून दिलं. तात्या मुलाकडूनही होते आणि मुलीकडूनही, त्यामुळे त्यांनी दोन्हीकडचे मान घेतले. आम्ही पुढेही अनेकदा खरी गोष्ट सांगून पाहिली. अण्णा हसून म्हणत, "सुटलं ना? मग झालं. जुनं कशाला उकरायचं?" शेवटी आम्ही नाद सोडून दिला. प्रफुल्ल म्हणायचा, "असू दे गं. सुधारलेला जुगारी म्हणून जेवढा मान मिळतो, तेवढा साध्या जावयाला मिळत नाही."

गेल्या दिवाळीत आम्ही बार्शीला गेलो होतो. तात्या आदल्या वर्षी गेले. अण्णा थकलेत, दुकान केव्हाच दुसऱ्याला दिलंय. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं झाल्यावर ते कपाटाशी उभे राहून खूप वेळ काहीतरी शोधत होते. मग पत्त्यांचा एक जुना कॅट घेऊन आले आणि सतरंजीवर बसले.

"बसा प्रफुल्लराव. आज एक डाव टाकू."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, हे काय! इतकी वर्षं सांभाळलंत आणि आता?"

"आता त्यांचे केस पिकले गं. आता काय होतंय."

"काय सांभाळलंत?" मी विचारलं.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला माहीत नाही? तुझा तो फोन आला ना, त्या रात्रीच. दोघांनी पत्ते बंद केले. जावई घरात येणार, त्यांच्या नजरेला पत्ते पडायला नकोत, सुटलेलं परत लागायला नको. तात्या म्हणाले, पोर माझ्या बहिणीचं आहे, शपथ आधी मी घेतो. तेव्हापासून यांनी पानाला हात लावला नाही."

माझ्या लहानपणी दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत मेंढीकोट रंगायचा. अण्णा आणि तात्या एकमेकांचे भिडू, समोरासमोर. त्यांना हरवणारी जोडी गावात नव्हती. मी परदेशातून येई तेव्हा खेळ दिसत नसे. मला वाटे, वय झालं, कंटाळले असतील.

अण्णांनी पानं वाटली. प्रफुल्लने ती उचलली. त्याला ती पंख्यासारखी धरता येईनात. दोन पानं सतरंजीवर पडली, आणि बाकीची त्याने अशी धरली की सगळ्या पानांची तोंडं अण्णांकडे.

"अहो, पानं लपवा. मला सगळी दिसतायत," अण्णा म्हणाले. मग ते थांबले. प्रफुल्लच्या हातांकडे बघत राहिले. "तुम्हाला खेळता येत नाही?"

"नाही अण्णा."

"कधीच?"

"कधीच नाही."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगायचं काही उरलं नव्हतं.

"शेवटी दवाखान्यात," अण्णा सावकाश म्हणाले, "तात्या मला म्हणाला, सदा, एक डाव टाकू का रे? इथे कोण बघतंय? मी म्हटलं नको. आपण शपथ घेतलीय, पोरासाठी."

प्रफुल्लच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अण्णा, माझ्यामुळे..." तो म्हणाला. अण्णांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"पोरगी फोनवर ओरडून सांगत होती. शकूने स्वतःची अब्रू पणाला लावली. ऐकलं नाही ते मी."

त्यांनी सगळी पानं गोळा केली आणि पुन्हा पिसायला घेतली. इतक्या वर्षांनीही पानं कशी एकमेकांत बसत होती. आई डोळे पुसत सतरंजीवर येऊन बसली.

"मेंढीकोटाला चौघं लागतात," अण्णा म्हणाले. "वैजू, तू आईची भिडू." मग त्यांनी आपल्या समोरची जागा हाताने झटकली. "प्रफुल्लराव, इकडे या. माझ्यासमोर. तात्या इथेच बसायचा."

प्रफुल्ल उठून तिथे जाऊन बसला. अण्णांनी एक पान काढून त्याच्यापुढे धरलं.

"हे बघा," ते म्हणाले, "ही दश्शी. हिला मेंढी म्हणायचं."